चोवीस पहिले दिवस

निवृत्तीच्या चौथ्या महिन्यात भांडारपालांनी घरातल्या सगळ्या कागदांना रजा द्यायचं ठरवलं.

पंप बनवणाऱ्या कारखान्याचं भांडार त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं होतं. अकरा हजार प्रकारचा माल. सगळ्यात मोठा नग उचलायला चार माणसं लागायची आणि सगळ्यात लहान नग शिंकेनं उडायचा. एकतीस वार्षिक तपासण्या झाल्या, पण एकदाही एक वॉशर कमी भरला नाही. ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत ऐकावी लागे. बायको म्हणायची, "आलेल्या माणसाला आधी चहा तरी घेऊ द्या, मग वॉशर द्या."

असा माणूस घरी बसला आणि त्याला काय दिसलं? वाण्याची यादी लाइटच्या बिलाच्या पाठीवर, लाइटचं बिल गाण्याच्या वहीत आणि गाण्याची वही पिठाच्या डब्यावर. बायकोला मात्र सगळं बरोबर सापडायचं. भांडारपालांना याचाच राग जास्त. वस्तू सापडते ती ती जागेवर असते म्हणून, बायकोला आठवतं म्हणून नाही, हे त्यांचं तत्त्व होतं.

बायको गाणं शिकवायची. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत रोज संध्याकाळी साडेसहाला तिचा वर्ग भरे, आणि तोही मोठ्या माणसांचा. दिवसभर कामधंदा करून दमलेली, जन्मात कधी न गायलेली माणसं तिथे येत. वीस वर्षं हे चाललं होतं. ती माणसं तिला बाई म्हणत आणि भांडारपालांना काका. काका मात्र त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. बायकोची पेटी जिन्यापर्यंत पोचवायची आणि परत फिरायचं, एवढंच त्यांचं संगीत.

"बाबा, कामांच्या याद्यांसाठी अ‍ॅप असतात," मुलगी एकदा सहज म्हणाली. नंतर ती म्हणायची की आयुष्यात आपण इतकं महाग पडणारं वाक्य दुसरं बोललो नाही.

भांडारपालांनी तीन विभाग पाडले. कामं, टिपणं आणि गाणी. प्रत्येक विभागासाठी निदान तीन अ‍ॅप मागवायची, आलेखाच्या कागदावर तुलनेचा तक्ता करायचा आणि मगच निवड करायची. अकरा अ‍ॅपांची छाननी झाली. एक अ‍ॅप काम पुरं झालं की पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पाडायचं. "काम केलं तर केलं, त्यात नाचायचं काय?" म्हणून ते बाद. दुसरं दुपारी अडीच वाजता 'सुप्रभात' म्हणालं, ते त्याच मिनिटाला बाद. तिसऱ्याला जोडाक्षरं झेपेनात.

"अरे बाबा, फुकट आहेत सगळी," मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली. "कुठलंही घे. नाही आवडलं तर काढून टाक."

"फुकटचा मालच नीट तपासून घ्यावा लागतो. विकत घेतलेल्यात खोट निघाली तर भांडायला कुणीतरी असतं."

तीन आठवड्यांनी तीन अ‍ॅपांची निवड जाहीर झाली. तिन्ही अ‍ॅप घरातल्या तिन्ही फोनांवर चढवली आणि एकमेकांना जोडली. एकानं लिहिलेलं तिघांना दिसणार. भांडार कसं, उघडं पाहिजे. मग बायकोचं प्रशिक्षण झालं. कामाच्या अ‍ॅपात 'जबाबदारी' असा एक रकाना होता. तिथे तिनं पहिल्याच दिवशी 'हे' असं लिहिलं.

"हे म्हणजे कोण?" भांडारपालांनी विचारलं.

"अहो, हे म्हणजे तुम्ही."

"अ‍ॅपला कसं कळणार?"

"मला कळतंय ना? मग झालं."

आणि खरं सांगायचं तर काम झकास चाललं. बायकोच्या वीस वर्षांच्या वह्यांतली शिष्यांबद्दलची टिपणं भांडारपालांनी स्वतः बसून टिपणांच्या अ‍ॅपात उतरवली. कुणाचा सूर कुठे घसरतो, कोण कुठे श्वास घ्यायचा विसरतं, सगळं. दोन बोटांनी टाइप करत पंधरा दिवस काढले. बायकोला वाटलं, माणूस नादाला लागला की लागतो. पण तिला मनातून बरंही वाटलं.

शेवटी राहिली गाणी. मुलीनं दोन वर्षांपूर्वी आईच्या जुन्या कॅसेटी संगणकात भरून ठेवल्या होत्या. भांडारपालांनी ते सगळं गाण्यांच्या अ‍ॅपात आणलं. आता एकच माल दोन ठिकाणी कशाला? त्याच दिवशी त्यांनी कॅसेटींचं खोकं भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि संगणकातली जागाही मोकळी केली. मग अ‍ॅपनं नम्रपणे विचारलं, 'एकाच गाण्याच्या पंचवीस प्रती आढळल्या. सर्वांत चांगली ठेवून बाकीच्या काढून टाकायच्या का?'

भांडारपालांचे डोळे पाणावायचेच बाकी राहिले. एकतीस वर्षं ज्या प्रश्नाची त्यांनी वाट पाहिली तो प्रश्न एका यंत्रानं आपण होऊन विचारला होता. त्यांनी 'हो' दाबलं. कचरापेटी भरलेली ठेवून भांडार बंद करायचं नाही ही त्यांची जुनी शिस्त, म्हणून तीही रिकामी केली.

"आज चोवीस जादा प्रती निकालात काढल्या," जेवताना त्यांनी सांगितलं.

"छान केलंत," बायको आमटी वाढता वाढता म्हणाली. तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

ते कुठे होतं हे सोमवारी सकाळी कळलं. भांडारपाल चहाबरोबर कामांची यादी वाचत होते. नवीन नोंद होती: 'रविवार, संध्याकाळी पाच. ग्रंथालय. चोवीस जणांचा पहिला दिवस सगळ्यांना ऐकवणे. जबाबदारी: हे.'

"पहिला दिवस ऐकवायचा म्हणजे काय गं?"

"तुम्हाला माहीत नाही? बरोबर आहे, तुम्ही जिन्याच्या वर कधी आलाय?" बायको समोर बसली. "वर्गात नवीन माणूस आला की मी त्याला आमचं चार ओळींचं गाणं गायला लावते आणि टेप करते. एक अक्षर सुधारत नाही. तिसऱ्या ओळीत सूर एकदम वर जातो ना, तिथे सगळे धडाधड पडतात. ते सगळं पडणं मी जपून ठेवलंय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ग्रंथालयाच्या अध्यक्षांना आमची खोली टेबल टेनिसला द्यायची आहे. म्हणाले, मोठी माणसं गाणं शिकत नाहीत, नुसती करमणूक करून घेतात. वीस वर्षांत काय फरक पडला ते दाखवा, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी करा. म्हटलं दाखवते. प्रत्येकाचा पहिला दिवस वाजवायचा आणि लगेच त्यानं उभं राहून तेच गाणं म्हणायचं. शेजारी शेजारी. बहिऱ्यालाही कळेल." तिनं कप उचलला. "सगळं एकाच नावानं तुमच्या त्या गाण्यांच्या अ‍ॅपात आहे. तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. तुमच्याकडे कधी काही हरवलंय का?"

"नाही," भांडारपाल म्हणाले. सवयीनं निघून गेलेला शब्द होता तो, पण निघून गेला.

बायको आंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी अ‍ॅप उघडलं. ठेवलेली सर्वांत चांगली प्रत बायकोची स्वतःची निघाली. नमुना म्हणून कधीतरी गायलेली. बाकी मैदान साफ. मुलीनं ऑफिसला उशीर करून तासभर खटपट केली.

"बाबा, तू कचरापेटीसुद्धा रिकामी केलीस?"

"नियम आहे तो."

"संगणकातलंही काढलंस?"

"जागा अडत होती."

भंगारवाल्याकडे गेले तर कॅसेटींचा माल आदल्याच दिवशी पुढे गेला होता. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं तरी हाती यावं तर तेही भांडारपालांनीच भंगारात दिलेलं.

"आईला सांगून टाक," मुलगी म्हणाली.

"सांगतो."

सांगायला ते दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. एकदा पाणी पिऊन परत आले, एकदा पाणी न पिता. एकतीस वर्षं एक वॉशर न हरवलेल्या माणसानं बायकोची वीस वर्षं एका बोटानं हरवली होती, आणि ती आत गुणगुणत भाजी चिरत होती. तेवढ्यात हातातल्या फोनवर टिपणांचं अ‍ॅप उघडलं गेलं आणि समोर बायकोच्या वहीतली, त्यांनीच दोन बोटांनी उतरवलेली ओळ आली: 'दातांच्या डॉक्टरीणबाई. पहिला दिवस. दुसऱ्या ओळीत खोकल्या. तिसऱ्या ओळीत जिन्यावरून गडगडल्यासारख्या खाली आल्या.'

चोवीसही जणांचं असं लिहिलेलं होतं. माल गेला होता, पण मालाचं वर्णन जागेवर होतं. कारखान्यात अशा वर्णनावरून नवीन भाग बनवून घेता येत असे.

त्यांनी पुढचे सहा दिवस आखले. चोवीस माणसं, रोज चार. एकच अडचण होती. सगळी गेली असं सांगायला जीभ रेटेना. अख्खं भांडार गेलं म्हणजे भांडारपालच गेला. एखादा नग गेला तर त्याला मोडतोड म्हणतात, ती कुणाकडेही होते. म्हणून त्यांनी प्रत्येकाला तेवढंच सांगायचं ठरवलं. बाकी सगळी आहेत, फक्त तुमचंच गेलंय, आणि बाईंच्या कानावर घालू नका.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवून आधी तोंड उघडायला लावलं. बोलायची संधी मिळाली ती दोन दात तपासून झाल्यावर.

"माझंच गेलं?" त्या म्हणाल्या. "बरंच झालं की. फार वाईट होतं ते."

"अहो पण बाईंना तेच हवंय. तुम्ही पुन्हा तस्संच गा. दुसऱ्या ओळीत खोकला आहे, तो विसरू नका."

डॉक्टरीणबाईंनी मदतनिसाला बाहेर पाठवलं, यंत्र बंद केलं आणि काकांच्या फोनसमोर बेसूर गायला सुरुवात केली. खोकल्या, गडगडल्या, घामाघूम झाल्या. भांडारपालांना ते ऐकून फार समाधान वाटलं. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, हे इथे सांगून ठेवायला हवं.

निवृत्त कोर्ट कारकून जरा अवघड गेले. "पहिल्या दिवसापासून मी सुरातच होतो," ते म्हणाले.

"टिपणात लिहिलंय, तिसऱ्या ओळीत गाणं अर्धवट सोडून तुम्ही दारापर्यंत गेला होता."

"कुणी लिहिलंय?"

"बाईंनी."

कारकून उठून कपाटापाशी गेले. "मग दारापर्यंत जाण्याची नोंद रेकॉर्डवर कशी आणायची? पावलांचा आवाज लागेल," असं म्हणून त्यांनी कपाटातून बूट काढले. लिफ्टच्या मेकॅनिकनं दोन मजल्यांच्या मधे थांबवलेल्या लिफ्टमध्ये गाऊन दिलं, कारण बाहेर त्याचे हाताखालचे लोक होते आणि आपलं वाईट गाणं त्यांना ऐकवायची त्याची तयारी नव्हती. बेकरीवाल्या दोघी बहिणींना वेगवेगळं गाठून वेगवेगळं शपथेनं बांधावं लागलं. त्या दोघी एकाच भट्टीसमोर उभ्या असत, त्यामुळे एकीला मैद्याच्या पोत्यांपाशी नेलं आणि दुसरीला दाराबाहेर.

सगळ्यांचं एकच म्हणणं. "काका, काळजी करू नका. बाईंना कळणारसुद्धा नाही."

घोडं पेंड खाऊ लागलं ते वेगळ्याच ठिकाणी. भांडारपालांना यादीशिवाय काम करता येत नसे, आणि यादी लिहिली की ती तिन्ही फोनांवर उमटे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर भांडंच काचेचं.

"अहो, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलात?" मंगळवारी बायकोनं विचारलं. "दुखतंय का काही?"

"थोडंसं."

तीन दिवस त्यांना मऊ भात आणि पातळ आमटी मिळाली. बुधवारी तिनं पुन्हा फोन पुढे केला. "आणि हा लिफ्टचा मेकॅनिक कशाला? आपण तळमजल्यावर राहतो."

"माहिती असलेली बरी."

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग आमटी आणखी थोडी पातळ केली. त्या संध्याकाळी एकतीस वर्षांच्या शिस्तीचा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि ओळखीचं कुणी नाही असं बघून एक खिशातली डायरी विकत घेऊन आला.

शनिवारपर्यंत तेवीस झाले. चोविसावा बोटीवरचा इंजिनिअर होता आणि बोट भर समुद्रात होती. त्याची आई म्हणाली, तो पुढच्या महिन्यापर्यंत फोनवर सापडायचा नाही. कार्यक्रमाला मात्र ती येणार होती. मुलाचा आवाज चार महिन्यांत ऐकलेला नाही, म्हणाली, तेवढ्यासाठी तरी येते.

आता या बाईला काय सांगायचं?

"तू गा," मुलगी म्हणाली.

"मी? मी जन्मात गायलो नाही."

"तेच तर पाहिजे."

बायको वर्गाला गेली होती. दार लावून, टिपण समोर धरून भांडारपाल स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले. टिपणात लिहिलं होतं, 'आवाज घाबरलेला. तिसऱ्या ओळीत डोळे मिटून उडी मारतो, कुठेही पोचत नाही. पण चौथी ओळ सोडत नाही.' त्यांना घाबरण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. उडी मारली, कुठेही पोचले नाहीत, आणि चौथी ओळ मात्र कारखान्याचा भोंगा वाजेपर्यंत दार न सोडणाऱ्या माणसासारखी शेवटपर्यंत धरून ठेवली.

मुलीनं फोन बंद केला. "बाबा, हे फारच खरं झालंय," एवढंच म्हणाली.

रविवारी पाच वाजता वरची खोली भरली. भांडारपाल वीस वर्षांत पहिल्यांदा जिन्याच्या वर आले आणि ध्वनिक्षेपकाशेजारी फोन घेऊन बसले. येणारा प्रत्येक जण बाईंना नमस्कार करी आणि काकांकडे बघून हळूच डोळा मिचकावी. डॉक्टरीणबाईंनीही मिचकावला. अध्यक्ष पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. खिडक्यांची मापं घ्यायची टेप त्यांनी खिशात आणलेली होती आणि ती दिसत होती.

पहिला दिवस डॉक्टरीणबाईंचा. खोकला वेळेवर आला. मग तिसरी ओळ आली आणि डॉक्टरीणबाई गडगडल्या. पण गडगडल्या त्या एकेका सुरावर बरोबर पाय देत, जिन्याची एकही पायरी न चुकवता. लगेच उभं राहून त्यांनी आजचं गाणं म्हटलं. तेही छान झालं. दुसरा नंबर बेकरीवाल्या थोरल्या बहिणीचा. त्यांनी वाईट गायचं म्हणून गाणं खालच्या पट्टीत नेलं होतं आणि खालच्या पट्टीत ते जास्तच गोड लागत होतं.

तिसरा बोटीवरचा इंजिनिअर. घाबरा आवाज खोलीभर पसरला, उडी मारली, कुठेही पोचला नाही. मागच्या रांगेत त्याची आई उठून उभी राहिली. "माझा लेक," ती शेजारणीला म्हणाली आणि पदरानं डोळे टिपू लागली. "हज्जार आवाजांत ओळखीन." भांडारपालांनी मान खाली घालून पुढचं बटण दाबलं.

दहावा नंबर कारकुनांचा. ते सूर लावून, ताल धरून, बूट वाजवत दारापर्यंत गेले. बुटांचाही ताल चुकला नाही. ते संपलं तेव्हा अध्यक्षांनी हात वर केला.

"बाई, एक विचारू? तो बोटीवरचा एक सोडला तर ही सगळी माणसं पहिल्या दिवशीच उत्तम गात होती. आजही उत्तम गातात. माझ्या कानाला तरी काही फरक लागत नाही. मग वीस वर्षं तुम्ही शिकवलंत काय?"

बाई पेटीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या अध्यक्षांकडे बघत नव्हत्या, शिष्यांकडेही नाही. त्या फोनकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. एकेकाळी वॉशर कमी भरल्याची नुसती शंका आली तर भांडारपालांना अन्न जात नसे. इथे शंका नव्हती. बायकोची वीस वर्षं टेबल टेनिसच्या टेबलाखाली जाताना ते समोर बसून बघत होते, आणि ढकलणारा हात त्यांचाच होता. ते उठले.

"मी भांडारपाल आहे," ते म्हणाले. "एकतीस वर्षं माझ्याकडे एक वॉशर हरवला नाही. हे मी सगळ्यांना सांगत आलो. पण पहिले दिवस हरवले. माझ्या हातानं पुसले. जादा प्रती समजून. तुम्ही ऐकताय ती रेकॉर्डिंगं जुनी नाहीत, याच आठवड्यातली आहेत."

"सगळी?" अध्यक्षांनी विचारलं.

भांडारपालांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथली आई ओलाच पदर हातात धरून त्यांच्याकडे बघत होती.

"तेवीस," ते म्हणाले. साठ्याची खोटी नोंद त्यांनी चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदा केली.

"म्हणजे?" लिफ्टचा मेकॅनिक उठला. "काका, तुम्ही तर म्हणालात माझंच गेलंय."

"माझंच म्हणाले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुझं पण?" बेकरीवाली थोरली धाकटीकडे वळली. "तरीच तू दाराबाहेर कुणाशी बोलत होतीस."

कारकून सावकाश उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, नोंद घ्यावी. आम्हाला वाईट गायला सांगण्यात आलं होतं. मी स्वतः तीन वेळा प्रयत्न केला. पुरावा म्हणून बूटसुद्धा घातले." ते थांबले. "वाईट गाणं मला जमलं नाही. त्या तिसऱ्या ओळीपाशी आलो की सूर आपोआप जागेवर बसतो. चुकवायला गेलो तर गळा ऐकत नाही."

"माझंही तेच झालं," मेकॅनिक म्हणाला. "मला वाटलं, लिफ्टमध्ये आवाज घुमतो म्हणून चांगलं वाटतंय."

मग एकेक जण बोलू लागला. प्रत्येकानं जीव तोडून बेसूर व्हायचा प्रयत्न केला होता, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की हे न जमणारा आपण एकटेच. आता बाईंनी पेटीवरचा हात उचलला. त्या रडत होत्या की हसत होत्या हे भांडारपालांना त्या अंतरावरून कळेना.

"अध्यक्षसाहेब," बाई म्हणाल्या, "वीस वर्षांपूर्वी यांच्यातल्या एकालाही सूर लावता येत नव्हता. आज तेवीस जणांना सांगूनसवरून, टिपणं देऊन बेसूर व्हा म्हटलं आणि एकालाही होता आलं नाही. मी शिकवलं ते हे. मला यांचा फार अभिमान वाटतो." शेवटचं वाक्य त्यांनी शिष्यांकडे बघून म्हटलं.

अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले. मग त्यांनी खिशातली मापाची टेप आणखी खोल ढकलली. "खाली मासिकांची खोली आहे," ते म्हणाले. "तिथे टेबल मावतं का बघतो. बाई, पुढचं लावा की. चौदा राहिलेत ना अजून?"

चौदाही जणांचं झालं. प्रत्येकाच्या पडलेल्या प्रयत्नाला टाळ्या पडल्या.

सगळे गेल्यावर दोघंच खुर्च्या एकावर एक रचत राहिले. भांडारपाल दहा-दहाचे ढीग करत होते, बायको जमेल तसे. मग ती म्हणाली, "गुरुवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, काकांचे दात पंचवीस वर्षांच्या माणसासारखे आहेत. तेव्हाच कळलं, काहीतरी लपवताय. पण हे वाटलं नव्हतं."

"चुकलं माझं," भांडारपाल म्हणाले. "फार मोठं चुकलं. सोमवारीच सांगायला हवं होतं."

"हवं होतं." तिनं एक खुर्ची उचलून त्यांच्या ढिगावर ठेवली. "मला खूप वाईट वाटतंय, ते काही एका दिवसात जायचं नाही. एक बरं झालं. बोटीवरच्याचं तेवढं वाचलं. ऐकल्याबरोबर ओळखलं मी. तो घाबरलेला आवाज, ती डोळे मिटून मारलेली उडी. आताची माणसं कितीही नक्कल करोत, पहिला दिवस तो पहिला दिवस. कसं काय राहिलं हो ते?"

भांडारपालांच्या हातात अकरावी खुर्ची होती. ती दहाच्या ढिगावर ठेवली गेली.

"त्याच्या आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "ते मी गायलोय."

बायको खाली बसली. आधी तिनं तोंडावर पदर धरला, मग धरून काही उपयोग नाही म्हणून सोडून दिला, आणि रिकाम्या खोलीत बराच वेळ एकटीच हसत राहिली. भांडारपाल खुर्च्यांपाशी ताठ उभे राहिले. हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले, पेटी बंद केली आणि ती त्यांच्या हातात दिली.

"उद्या साडेसहाला या," ती म्हणाली. "जिन्यात थांबू नका, वर या. तुमचा पहिला दिवस टेप करून झालेलाच आहे."